सोबत्याचं कार्ड

२ एप्रिल, तैपेई

युआन,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

मी तैपेईत आलेय. तुझ्यासाठी नाही, उगाच फुगू नकोस. आईची कबर साफ करायला आलेय. दर एप्रिलला तुझा मामा एकटाच तिथलं गवत उपटतो आणि मग वर्षभर मला ऐकवतो, म्हणून यंदा दुकान बंद करून विमानात बसले. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, तेव्हा हे कागदाचं सोंग करावं लागतंय. तुझा पत्ता मामीनं दिला. सुखासुखी नाही दिला. "ताई, आधी त्याला विचारते," म्हणाली. मी म्हटलं, "ल्येन, पोटच्या पोराचा पत्ता घ्यायला मला आता अर्ज करावा लागणार का?" मग मुकाट्यानं लिहून दिला. पण लिहिताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही दोघं मिळून माझ्याबद्दल काय काय बोलता, देव जाणे.

हे पत्र तुझ्या इमारतीखालच्या पेटीत टाकून जाईन. वर येणार नाही. तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस आणि लिफ्टसाठी भाडं जास्त भरतोस, असं मामा म्हणाला. एकतीस वर्षांच्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट लागते! तुझे बाबा असते तर हसून हसून मेले असते, आधीच गेले नसते तर.

विमानतळावर उतरल्या उतरल्या मेट्रोचं कार्ड घेतलं. हाँगकाँगात माझं म्हातारीचं कार्ड आहे, दोन डॉलरात या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडते. खिडकीतल्या पोरीला म्हटलं, "मलाही सवलतीचं दे." ती म्हणाली, "मावशी, ते इथल्या रहिवाशांनाच मिळतं." मी म्हटलं, "अगं, मी इथलीच. तुझी आई रांगत होती तेव्हा मी या गावात सायकलवरून शाळेत जात होते." पोरगी गोड हसली आणि अस्वलाचं चित्र असलेलं साधं कार्ड माझ्या हातात ठेवलं. पूर्ण भाड्याचं.

त्याचा मला भारी राग आलाय. इथं साधं कार्ड टेकवलं की मशीन एकदा वाजतं. सवलतीचं असलं की तीनदा. माझ्या वयाच्या बाया पुढून तीनदा वाजवत ताठ मानेनं आत जातात, आणि मी, जन्मानं इथली, मागून एकदाच वाजवत पाहुणीसारखी जाते. आता माझे कानच तिकडे लागून राहिलेत. कोणाचं किती वेळा वाजलं, ते मी न बघता सांगते.

दुकान तुझ्यावाचून बरं चाललंय. सुक्या कालवांचा भाव चढलाय. माल चढवायला एक गडी ठेवलाय, वयानं माझ्याएवढा. तू अठ्ठाविसाव्या वर्षी गल्ल्यामागं बसून पेंगायचास, आणि हा बाबा या वयात माळ्यावर चढउतार करतो. नवीन वर्षाच्या जेवणात मी चार माणसांत बोलले ते तुला लागलं, म्हणून दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस. लागावं म्हणूनच बोलले होते. लागून तू सुधारशील असं वाटलं होतं, पळून जाशील असं नव्हतं वाटलं.

राग उतरलेला नाही. तरी आशीर्वाद घे, नाहीतर आई कबरीतून मला शिव्या घालेल.

आई


४ एप्रिल, तैपेई

युआन,

आज पेटीच्या फटीतून डोकावले. पहिलं पत्र दिसलं नाही, म्हणजे तू उचललंस. चला, तेवढं तरी.

सकाळी आईची कबर साफ केली. मामानं गवत काढलं, मी दगड धुतला, ल्येननं फळं मांडली आणि तिला वर खर्चायला कागदाच्या नोटा जाळल्या. आईला जाऊन तीन वर्षं झाली यावर विश्वास बसत नाही. घरी आल्यावर ल्येननं भाज्या आणि शेंगदाण्याचा कूट भरून पातळ पोळ्यांच्या गुंडाळ्या केल्या. तुझ्यासाठी वेगळ्या चार बांधून ठेवल्या. मी विचारलं, "हा येतो होय तुमच्याकडे?" तर म्हणते, "येतो अधूनमधून." अधूनमधून म्हणजे काय, ते काही सांगेना.

संध्याकाळी मी एकटीच बसनं बाजारात निघाले. आता तुला एक गंमत सांगते. बसमध्ये पुढची गडद निळी सीट असते ना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी ठेवलेली, तिच्यावर एक पंचविशीचा धडधाकट मुलगा बसलेला, कानात फोनची बोंडुकं घालून. त्याच्या शेजारी एक आजीबाई भाजीच्या पिशव्या घेऊन लोंबकळतायत. बसभर माणसं, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मला राहवेना. मी म्हटलं, "काय रे बाबा, पाय भाड्यानं दिलेत का?"

त्यानं कानातलं काढलं. "मावशी, मला बसायची गरज आहे," म्हणाला, हळूच.

"गरज सगळ्यांनाच असते, लाज थोड्यांनाच असते," मी म्हटलं.

उठला बिचारा. आजीबाई मात्र बसल्याच नाहीत, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हल्ली कोणाचं भलं करायची सोयच राहिलेली नाही. पुढच्याच थांब्यावर तो मुलगा उतरायला लागला, कार्ड टेकवलं, आणि काय वाजलं सांग? तीनदा! मी ओरडलेच, "अरे, सीट तर सीट, वर आजीचं कार्डसुद्धा ढापलंस?" अख्ख्या बसनं ऐकलं. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत एवढंच म्हणाला, "मावशी, बसून घ्या." बसले मी, त्याच सीटवर.

मला तुझीच आठवण आली. तुझ्यासारखाच होता, खांदे पाडून चालणारा. त्याच्या आईनं त्याला वेळेवर दोन शब्द सुनावले असते तर माझ्यासारख्या परक्या बाईला तोंड उघडावं लागलं नसतं.

माझं विमान दहा तारखेला आहे. दुकान जास्त दिवस बंद ठेवता येत नाही. जाण्याआधी एकदा सकाळचं सोयादूध प्यायला ये माझ्याबरोबर. मी भांडणार नाही. थोडंसंच भांडेन.

आई


६ एप्रिल, तैपेई

युआन,

मी काय लिहू? तीन कागद फाडले. अक्षर बघ कसं आलंय.

तू मामीकडे निरोप दिलास, शनिवारी सकाळी दहाला, गुटिंग स्टेशनवर लिफ्टजवळच्या गेटपाशी. मी साडेनऊलाच जाऊन उभी राहिले. तुझ्यासाठी गरम तिळाच्या पुऱ्या घेतल्या होत्या, त्या कागदात गार होत होत्या. तू आलास. बारीक झालायस. पण चालत होतास सरळ, चेहरा धुतल्यासारखा ताजा, मला वाटलं, चला, पोरगं बरं दिसतंय, दोन वर्षांत सुधारलं. तू म्हणालास, "आई, आधी दोन स्टेशनं जाऊ. तिथं बसून बोलू. मला तुला काहीतरी सांगायचंय." आणि तू पुढे होऊन रुंद गेटवर कार्ड टेकवलंस.

तीनदा वाजलं.

माझ्या डोक्यात काय आलं ते आता तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू म्हणशील आई वेडी झाली होती. मी वेडी नव्हते. मी अगदी सरळ हिशोब केला. इथल्या म्हाताऱ्यांचं कार्ड तीनदा वाजतं. माझी आई मामाकडे राहायची, म्हणजे तिचं कार्ड मामाच्या घरात कुठल्यातरी खणात पडलेलं असणार. तू मामाकडे येतोस-जातोस. तुझं कार्ड निळ्या कव्हरात होतं, पुढची बाजू दिसत नव्हती. परवाच मी तिचा दगड धुतला होता. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी तिथंच ओरडले, "थांब! आजीचं कार्ड! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस तू?"

तू पलीकडून म्हणालास, "आई, तसं नाहीये. आत ये. सांगतो."

मी आत आले नाही. मी काचेच्या खोलीतल्या मुलीला हाक मारली. मीच मारली. म्हटलं, "ह्याचं कार्ड तपासा." लोक थांबले. एका बाईनं तर तुझं चित्र घ्यायला फोन वर केला. ती मुलगी बाहेर आली, तुला म्हणाली, "माफ करा, तक्रार आली की बघावं लागतं." तू कव्हर काढायला लागलास तर तुझी बोटं घसरत होती, दोनदा घसरली, आणि त्या वेळीसुद्धा मला वाटलं की हा घाबरलाय, चोरी पकडली गेली म्हणून घाबरलाय.

मी गेटवरून हात घालून फटकन ते कार्ड तुझ्या हातातून ओढून घेतलं.

त्यावर तुझा फोटो होता. केस बारीक कापलेले. एक पापणी अर्धी खाली आलेली. खाली तुझं नाव आणि वर ते शब्द, दिव्यांगांच्या सवलतीचे. मी ते शब्द वाचले, परत वाचले. मला वाचता येत होतं आणि कळत नव्हतं. हे असं कधी झालं नव्हतं मला. मी त्या मुलीला म्हटलं, "ह्यात काहीतरी चूक झालीय." ती माझ्याशी बोललीच नाही. ती तुझ्यासमोर कमरेत वाकली, "खरंच माफ करा," म्हणाली, आणि मग माझ्याकडे हात करून तुला विचारलं, "ह्या बाईंचा तुम्हाला त्रास होतोय का? बोलावू कोणाला?"

तू म्हणालास, "नको, असू दे. आई आहे माझी."

युआन, तू ते असं म्हणालास की जणू माझ्यावरच पांघरूण घालत होतास.

मग तू लिफ्टमध्ये गेलास आणि दार बंद झालं. मी तुझ्यामागं धावले. हातात तुझंच कार्ड होतं, तेच टेकवलं. मशीन लाल झालं. परत टेकवलं. ती मुलगी म्हणाली, "मावशी, ह्या कार्डाचा माणूस आत गेलाय. ह्यानं आता दुसऱ्या कोणाला जाता येणार नाही." माझं अस्वलाचं कार्ड पिशवीच्या तळाशी, पुऱ्यांच्या खाली. ते सापडेपर्यंत गाडी गेली होती.

नंतर तिथल्याच बाकावर बसून राहिले. कोणीतरी पाण्याची बाटली आणून दिली. कोण ते पाहिलंच नाही.

तुझं कार्ड माझ्याकडे आहे. तू त्याच्याशिवाय बाहेर कसा पडलास? तुला काय झालंय? मी काय विचारतेय ते तरी बघ, तू माझा मुलगा आहेस आणि मी तुला काय झालंय हे पत्रातून विचारतेय.

आई


७ एप्रिल, तैपेई

युआन,

काल घरी आले आणि ते कार्ड ल्येनच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. ती भाजी निवडत होती. तिनं कार्ड पाहिलं, हात पुसले आणि मामाला म्हणाली, "तुम्ही जरा खाली जाऊन या." तुझा मामा चप्पल न बघता सटकला. एका पायात त्याची, एका पायात माझी.

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"दीड वर्षं," ती म्हणाली. "त्याचं नाव आमच्याच घरच्या पत्त्यावर लावलंय ताई. त्याशिवाय इथला दिव्यांगाचा दाखला मिळत नाही. दवाखान्यात मीच नेते."

"आणि मला कोणी सांगितलं नाही! मी कोण, रस्त्यावरची?"

यावर ती माझ्यावर अशी उखडली की तीस वर्षांत कधी उखडली नव्हती. ल्येन, जी माझ्यापुढं चहाचा पेला ठेवताना आवाज करत नाही! म्हणाली, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत? 'थेरं आहेत, दोन पोती उचल, बरा होशील,' म्हणाला असतात. तेच म्हणाला असतात ना ताई? खोटं सांगू नका. त्यानं आमच्याकडून शपथ घेतली होती. आजारापेक्षा जास्त तो तुम्हाला भ्यायचा. काल तुम्ही बाहेर असताना तुमचं ते बसचं पत्र घेऊन इथं आला होता. इथंच बसून वाचलं. त्या पोराला तुम्ही उठवलंत, ते. वाचून म्हणाला, 'मामी, आता सांगतोच तिला, नाहीतर ती आणखी कोणाला तरी उठवेल.' म्हणून तुम्हाला बोलावलं होतं त्यानं. आणि तुम्ही काय केलंत, तर स्टेशनवर त्याची झडती घेतलीत."

मी तिच्या पुढ्यातली भाजी ओढून निवडायला घेतली.

मग तिनं समजावून सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणाली. सकाळी माणूस बरा असतो, आणि दिवस वर चढतो तशी ताकद उतरत जाते. दुपारनंतर हातातलं पडतं, पाय उचलत नाहीत, पापण्या आपोआप खाली येतात. बघणाऱ्याला वाटतं झोप आली. मी म्हटलं, "बरा होतो का?" ती म्हणाली, "औषधांनी आटोक्यात राहतो. कधी वाढतो, मग दवाखान्यात ठेवावं लागतं. गेल्या डिसेंबरात ठेवलं होतं." डिसेंबरात! डिसेंबरात मी हाँगकाँगात गिऱ्हाइकांना सांगत होते की माझा मुलगा तैपेईत मजा मारतोय.

तो बसमधला मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला मी कुठं शोधू? त्याचं कार्ड तर त्याच्याबरोबर उतरून गेलं.

ल्येननं तिच्या पर्समधून आणखी एक कार्ड काढून दाखवलं. मला हे असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. तुझ्याबरोबर जो कोणी असेल त्याच्यासाठी असतं ते, सोबत्याचं. तेही तीनदा वाजतं. पण तू आधी कार्ड टेकवायचं आणि लगेच पाठोपाठ सोबत्यानं, एकाच गेटवर. उतरतानाही तसंच. एकट्यानं वापरताना सापडलं तर दंड. दीड वर्षं ल्येन तुझ्यामागून ते टेकवत आलीय. तुझ्यामागून चालायला माणूस लागतो, आणि तो माणूस मी नव्हते. मला या गोष्टीचा इतका संताप आला की मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. रडू माझ्यावर होतं की ल्येनवर, आत्ताही सांगता येत नाही.

तू मामीला निरोप दिलास, "कार्ड पेटीत टाकायला सांग." मी ते तुला हातात द्यायचं असं ठरवलं होतं. तेवढ्या निमित्तानं तरी दार उघडशील, असा माझा डाव होता. पण नाही. तू पेटीत म्हणालास, तर पेटीत. या पत्राबरोबर आहे बघ. कव्हर पुसून ठेवलंय.

एकच मागते. मंगळवारी तुझी तपासणी आहे असं कळलं. ल्येनऐवजी मला येऊ दे. दहा तारखेला मी जाणार आहे. परत तू मला कधी बोलावशील, बोलावशील की नाही, मला ठाऊक नाही.

आई


१२ एप्रिल, हाँगकाँग

युआन,

फोनवर तू मला अजून उघडलेलं नाहीस. असू दे. लिहायची सवय लागलीय. शिवाय मंगळवारी मला बोलायची बंदी होती, त्यामुळं सांगायचं बरंच उरलंय.

तुझी अट ल्येननं मला सांगितली तेव्हा ती हसत होती. "ताई, येऊ देतोय. पण घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही. कोणापुढंच नाही." मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच?" एवढंच! तेवढ्यात मी जेवढं गिळलं तेवढं जन्मात गिळलं नव्हतं. त्याच गेटवर तू पुढं झालास, तीनदा वाजलं. मी मागून सोबत्याचं टेकवलं, तीनदा वाजलं. काचेतली मुलगी तीच होती. तिनं मला ओळखलं आणि तुझ्याकडे बघितलं, तू मान हलवलीस. रांगेतला एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला, "दोघं चांगली धडधाकट तर दिसतायत." तू ऐकलंस. मीही ऐकलं. तू गर्रकन वळून माझ्याकडे पाहिलंस, आणि युआन, तुझ्या चेहऱ्यावर त्या माणसाचा राग नव्हता. तुला माझीच भीती वाटत होती, आता ही काय बोलेल याची. मी ओठ इतके आवळले की दात लागले.

डॉक्टरीण बाई चांगल्या आहेत, पण घाईच्या. तुला विचारलं, "सुरुवात नक्की कधी झाली? आधीच्या कागदावर दोन वर्षं लिहिलंय." तू म्हणालास, "साधारण तेव्हाच. लक्षात नाही." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आई ना? एकत्र राहत होतात. तुम्हाला त्याआधी काही दिसलं होतं?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "बोल."

आणि मी बोलले. थांबताच येईना. सांगितलं की चार वर्षांपूर्वी, शरदाच्या पौर्णिमेला याच्या हातून जेवणाच्या काड्या तीनदा पडल्या, मी म्हटलं जेवणात लक्ष नाही. त्या थंडीत संध्याकाळी एक डोळा मिटायला लागला, मी म्हटलं रात्री जागून खेळतो. सकाळी पोती चढवायचा आणि दुपारी रिकामी टोपलीसुद्धा ठेवून द्यायचा, मी गिऱ्हाइकांना म्हणायचे, आमचा राजा दुपारनंतर कामाला हात लावत नाही. बोलता बोलता आवाज नाकातून यायचा, मी म्हटलं रडका. नूडल घशात अडकायचे, मी म्हटलं सावकाश गीळ, कोणी पळवून नेत नाही. सगळं क्रमानं सांगितलं. कुठला सण, कुठला ऋतू, सगळं. बाई भराभरा लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "हे फार उपयोगाचं आहे. म्हणजे चार वर्षं. इतकं बारकाईनं घरचे सहसा सांगत नाहीत."

मला वाटलं जमीन फाटावी. मला सगळं दिसत होतं, युआन. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. तुझ्यावर जेवढी नजर होती तेवढी गल्ल्यावरही नव्हती माझी. फक्त त्या सगळ्याचं नाव मी आळस ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर औषधाच्या खिडकीशी मी बंदी विसरून म्हटलं, "मला शिव्या तरी दे." तू म्हणालास, "आत्ता दुपार झालीय. दम नाही. सकाळी देईन." मला कळेना हसू की काय करू. मी हसले आणि तिथल्या नर्सनं गप्प बसा म्हणून खूण केली.

बुधवारी मी निघताना तू मामाकडे आलास, ते मला अपेक्षित नव्हतं. दुपार होती, टॅक्सी खाली उभी होती, मामा बॅग घेऊन जिन्यात ओरडत होता. तू सोफ्यावर मान टेकून, डोळे मिटून बसलेला. मला वाटलं झोप लागली. आता म्हणायला हवं, वाटलं की पापण्या खाली आल्यात. ल्येननं दारात हात पुढं केला. "ताई, ते सोबत्याचं कार्ड द्या. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे." मी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात ठेवलं होतं, ते काढलं.

तू डोळे न उघडताच म्हणालास, "राहू दे तिच्याकडे."

ल्येन म्हणाली, "अरे, हाँगकाँगात नेऊन काय उपयोग त्याचा? तू बरोबर असल्याशिवाय ते चालतच नाही."

"म्हणूनच," तू म्हणालास.

मी तेव्हा काहीच बोलले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. बोलायची बंदी नव्हती. जिना कसा उतरले, टॅक्सीवाल्याला काय सांगितलं, विमानात शेजारी कोण होतं, मला आठवत नाही. तपासणी सात मेला आहे ना? मी पाच तारखेचं तिकीट काढलंय.

आई